हरण्या आणि जेपीजी

पत्रकं लिहायची सवय असल्यामुळे आरोप पहिल्याच ओळीत करतो: सावद्याच्या शिवारात आबांच्या केळीवर पडलेला रोग एका कॉम्प्युटरने बरा केला, आणि त्या बरं होण्यात बाग गेली. पत्रकात याच्यापुढे आम्ही 'जाहीर निषेध' लिहितो आणि खाली संघटनेचं नाव टाकतो. इथे जागा जास्त आहे, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

आबा आमच्या संघटनेचे सभासद नव्हते. सभेला यायचे, पण सतरंजीवर बसायचे नाहीत. मागे उभं राहून माईक खरखरतोय हे मोठ्यांदा सांगायचे, आणि भाषण रंगात आलं की बागेला पाणी द्यायचंय म्हणून निघून जायचे. टाळ्या वाजवणाऱ्यांचा कंटाळा आलेल्या कार्यकर्त्याचा अशाच माणसावर जीव जडतो. त्यामुळे दोनेक वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका सकाळी ते आपण होऊन माझ्याकडे आले, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलो.

त्या वर्षी त्यांनी मृगबाग धरली होती, म्हणजे जूनची लागण. दरवर्षी घरचे कंद लावायचे, या वेळी टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं घेतली, बाहेरून ट्रक भरून रोपं आणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून. रोपं गुडघ्याच्या वर आली आणि पानांवर शिरांच्या बाजूने बारीक पिवळ्या रेघा उमटल्या. आमच्याकडे या रोगाला हरण्या म्हणतात. हरण्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि पुरायचं, तेही लगेच, कारण मावा, म्हणजे एक बारीक किडा, एका झाडावरून उठतो, दुसऱ्यावर बसतो आणि रोग सोबत नेतो. त्याला मधला बांध आडवा येत नाही.

बांधापलीकडे आबांचे धाकटे भाऊ, नाना. त्यांची बाग त्याच वयाची, पण घरच्या कंदांची आणि निरोगी.

पेच असा होता. व्यापाऱ्याने बोली केली होती की रोपांसोबत रोग आला असेल तर बदली रोपं देईन, पण तसा शेतीखात्याच्या साहेबांचा कागद आणा. ऑक्टोबरात कांदेबागेची, म्हणजे केळीच्याच दुसऱ्या हंगामाची, लागण असते. त्याच्या आत बदली रोपं मिळाली तर आबांचं वर्ष वाचणार होतं. झाडं उपटली तर साहेबाला दाखवायला काही उरत नव्हतं, आणि ठेवली तर नानांच्या बागेला धोका होता. आबांनी झाडं ठेवली. नाना रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभे राहायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उपट." आबा म्हणायचे, "कागद येऊ दे." दोघा भावांमधलं त्या दिवसांतलं सगळं बोलणं एवढंच.

हा कागद देणारं कार्यालय धुळ्याला, देवपुरात होतं. मी आणि आबा एक अख्खं पान ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने जळगावला आणि तिथून धुळ्याला गेलो. दारातल्या शिपायाने आम्हाला नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "सायेब मीटिंगमा शेत." अहिराणीत शेत म्हणजे आहेत. मीटिंग कोणाशी होती ते अर्धवट उघड्या दारातून दिसत होतं. कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला होता आणि साहेब त्याच्यावर पत्ते लावत होते. डाव संपला तेव्हा मीटिंग संपली.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून यावं असा कागद दारावर चिकटवला होता. केळीच्या चिखलात उभं राहून झाडं तपासणं हे ज्यांचं काम, ते साहेब पायमोजे घालून चटईवर पाय ठेवून बसले होते. आबांच्या पायाला वावर लागलेलं होतं, ते काही चपलांसोबत बाहेर काढून ठेवता येईना. त्यामुळे आबा उंबऱ्याबाहेर उभे आणि मी आत, अशी आमची सुनावणी झाली.

साहेबांनी पानाला हात लावला नाही. चिकाचे डाग निघत नाहीत, म्हणाले. त्यावर असंही म्हणाले की इतक्या लांबून आणलेलं पान पिवळं पडणारच, त्यावरून काही सांगता येत नाही. मग मी पिशवीतून फोटो बाहेर काढला. आमच्या संघटनेचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी आबांच्या बागेत एक अख्खा रोल काढवून घेतला होता. बहुतेक फोटोंत ते झाडाच्या पुढ्यात उभे होते, त्यामुळे रोग झाकला गेला होता. एका फोटोत मात्र ते नव्हते, नुसतं पान होतं, आणि त्यातली एकेक पिवळी रेघ मोजून घ्यावी अशी आली होती. तो फोटो मी साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. कागदी फोटो घेणं आता बंद झालं होतं. फायलीतून निसटतात, वाळवी लागते, शिवाय ठेवायचे कुठे. यापुढे फोटो फ्लॉपीवर, आणि एका अर्जाला एक फ्लॉपी. कॉम्प्युटरवर आम्ही फोटो वाटेल तितका मोठा करून बघतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही तेही दिसतं, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पान टेबलावर होतं, फोटो टेबलावर होता, आणि ते मात्र काचेवर डोळे लावून बसले होते.

बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना आबा म्हणाले, "मी आलो, पान आलं, फोटू आला. आता कोन राह्यलं यायचं?"

यायचं राहिलं होतं ते जळगावातून. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एक डीटीपीवाला होता. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि आमची पत्रकं हे सगळं त्याच्या एकाच कॉम्प्युटरवर व्हायचं, आणि कधी कधी एकाच फाईलमध्ये. एकदा आमच्या निषेधाच्या पत्रकाखाली 'कृपया आहेर आणू नये' असं छापून आलं होतं. पण गावात त्याची ख्याती अशी की कितीही मोठं काम तो एका फ्लॉपीत बसवून देतो. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी काळी चकती, तिच्यात मावतं किती तर एक बऱ्यापैकी फोटोसुद्धा पूर्ण मावत नाही. तरी हा बसवायचा. कसा, हे विचारलं की खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "नेते, डोळ्याला फरक कळत नाही." मला तो नेते म्हणायचा, टर उडवायची म्हणून.

त्याने आमचा फोटो काचेखाली ठेवला, झाकण लावलं, उजेडाची पट्टी सरकत गेली आणि पान पडद्यावर आलं. मग त्याने कडा कापल्या आणि फाईल सेव्ह केली. पान आडवं आलं होतं, ते उभं करून पुन्हा सेव्ह केली. कोपऱ्यात आबांचं नाव आणि गाव टाकलं, पुन्हा सेव्ह. प्रत्येक वेळी जेपीजी. जेपीजी म्हणजे काय, हे मी आपला विचारलं. तो खुशीत सांगायला लागला. फोटो म्हणजे नुसते रंगीत ठिपके, लाखांनी. ते सगळे ठेवले तर फाईल फुगते. माणसाचा डोळा उजेड-अंधार नेमका टिपतो, पण रंगाच्या बारीकसारीक छटांत कच्चा असतो. म्हणून कॉम्प्युटर आठ आडव्या, आठ उभ्या ठिपक्यांचा एकेक चौकोन घेतो, त्यातलं डोळ्याला जे जाणवणार नाही ते टाकून देतो, आणि त्यातही आधी रंग टाकतो. फाईल एकदम मूठभर होते. मी मान हलवली. मला ते हुशारीचं वाटलं.

फ्लॉपी देवपूरला पोचली. काही दिवसांनी कागद आला. त्यात एकच वाक्य कामाचं होतं: सादर केलेल्या छायाचित्रात रोगाची लक्षणे आढळून येत नाहीत. मी तो कागद आबांना बागेतच वाचून दाखवला. समोरच्या झाडाच्या पानावर रेघा आता हाताने जाणवतील इतक्या गडद झाल्या होत्या, पानाच्या कडा मुडपल्या होत्या. आबांनी झाडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटूतलं पान बरं झालं अशीन. माह्यं नाही झालं." नाना बांधावर होते. ते त्या दिवशी 'उपट' म्हणालेसुद्धा नाहीत, वळून निघून गेले.

मी तडक जळगाव गाठलं. डीटीपीवाल्याचं म्हणणं, माझा फोटो चोख गेलाय, साहेबालाच दिसत नसेल. मी त्याला फाईल उघडायला लावली आणि कागदी फोटो पडद्याला खेटून धरला. कागदावर रेघा होत्या. पडद्यावर एक छान, तुकतुकीत, सगळीकडे सारखं हिरवं पान होतं. मोठं करत गेलो तसे हिरवे चौकोन दिसायला लागले, फरशी बसवल्यासारखे, आणि प्रत्येक चौकोनात एकच हिरवा. पिवळी रेघ अख्ख्या पानात एकही नाही.

आता यात झालं काय ते बघा. हिरव्यावर पिवळी बारीक रेघ. दोन्हींत उजेड-अंधाराचा फरक जवळजवळ नाही, फरक आहे तो छटेचा. म्हणजे जेपीजी जे पहिल्यांदा टाकतं, नेमकं तेच. आणि ज्याने तीनदा सेव्ह केलं, त्याने राहिलं असेल तेही तीनदा झाडून घेतलं. डोळ्याला फरक कळत नाही, हे खरं. पण कोणाच्या डोळ्याला? लग्नपत्रिकेवरचा गणपती पाहणाऱ्याच्या? ज्याने हा हिशेब बसवला त्याला आयुष्यात कधी सकाळी उठून केळीचं पान उन्हाकडे धरून पाहावं लागलं नसणार. आबांच्या डोळ्याला ती रेघ लांबून कळत होती. त्यांचा डोळा या हिशेबात धरलेलाच नव्हता.

मी हे सगळं दुकानात उभं राहून बोललो. पत्रिकेसाठी आलेलं एक गिऱ्हाईक उठून गेलं. मग मी त्याला पुन्हा सेव्ह करून दाखवायला सांगितलं, आणि तेव्हा मला ती पट्टी दिसली. सेव्ह करताना पडद्यावर एक छोटी पट्टी येत होती, एका टोकाला लहान फाईल, दुसऱ्या टोकाला चांगलं चित्र, आणि मधे सरकवायचा खुंटा. खुंटा लहान फाईलच्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता. उजवीकडे सरकवला असता तर बहुतेक रेघा वाचल्या असत्या, आणि फाईल तरीही एका फ्लॉपीत मावली असती. मी विचारलं, हा इथे कोणी नेऊन ठेवला? तो म्हणाला, "दुकान घेतलं तेव्हापासून तिथंच आहे. आजपर्यंत कोणाची तक्रार नाही."

या वाक्यावर मी एक स्वतंत्र पत्रक काढू शकलो असतो. पण कांदेबाग जवळ येत होती.

मी ठरवलं, आता एक ठिपका गाळायचा नाही. साहेबाला शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही. त्यालाही एक प्रकार असतो, फाईलच्या नावापुढे टिफ लागतं. तोही जागा वाचवतो, पण काही टाकत नाही. सलग चाळीस ठिपके एकाच हिरव्याचे असले तर चाळीसदा हिरवा न लिहिता 'हिरवे चाळीस' असं लिहितो, आणि उघडताना चाळीसच्या चाळीस परत देतो. धोतराची घडी केली तर पेटीत कमी जागा लागते आणि उलगडलं की धोतर पूर्ण. जेपीजी म्हणजे भरीत. तेही कमी जागेत बसतं आणि चवीला चांगलं लागतं, पण त्यातून वांगं परत काढून दाखवा.

कागदी फोटो पुन्हा काचेखाली ठेवून त्याचं टिफ केलं, पण घडी करूनही ते एका फ्लॉपीत मावेना. डीटीपीवाल्याकडे फाईलचे तुकडे करून वेगवेगळ्या फ्लॉप्यांत भरायचं सॉफ्टवेअर होतं. पाच फ्लॉप्या लागल्या. एका अर्जाला एक फ्लॉपी, या नियमावर वाद घालायची पूर्ण तयारी करून मी देवपूरला गेलो. वाद झालाच नाही. साहेबांनी पाचही घेतल्या, एकेक आत सारली, आणि चौथीला कॉम्प्युटर खरखरला. वाचता येत नाही, म्हणाला. एसटीच्या धक्क्यांनी, नाहीतर पिशवीतल्या ओलीने, काय झालं कोण जाणे. माझी अपेक्षा, चार आहेत तर चार तुकड्यांतलं पान तरी दिसेल. काहीच दिसलं नाही. एक तुकडा नसेल तर हा प्रकार बाकीच्या चारांनाही ओळख देत नाही. हे मला आमच्या संघटनेसारखं वाटलं. जेपीजी रोगासकट सगळं गिळून वर हसतमुख पान दाखवतं, आणि हा एवढा तत्त्वाचा की एका फ्लॉपीपायी अख्खी एसटीची फेरी वाया.

दुसऱ्या खेपेला मी दोन संच नेले. पान उघडलं. पडद्याच्या वरच्या कडेपासून हळूहळू खाली उतरत आलं, आणि रेघा आल्या, सगळ्या, शिरेशिरेला. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पहिली फ्लॉपी काढवली, ते जुनं हिरवंगार पान शेजारी उघडलं, आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहून म्हणाले, "पहिल्या फोटोत या रेघा नव्हत्या. आता आल्या कुठून?"

मला आधी कळलंच नाही. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की रेघा आम्ही काढल्या. पहिला फोटो आवक झालेला, त्याच्यावर क्रमांक पडलेला, त्याच्यावरून निर्णय दिलेला, म्हणजे तो खरा. दुसऱ्यात त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी आहे, म्हणजे ते कोणीतरी घातलेलं. शहरात कॉम्प्युटरवर एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर लावून देतात हे त्यांनी वाचलं होतं. आंदोलनवाले काय करतील सांगता येत नाही, हे त्यांनी वाचलं नव्हतं, पण ते त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा जे गाळलं गेलं ते आता परत आणलं, तर ते घुसवलेलं ठरलं. पानाचं ठीक आहे. मी लहानपणापासून आमच्या वस्तीच्या अर्जांचं हेच होताना पाहत आलोय.

आता डीटीपीवाल्यालाच साक्षीला न्यायचं ठरलं. तो येणार नाही असं मला वाटत होतं. सरकारी कार्यालयाने कॉम्प्युटरच्या कामासाठी बोलावलंय म्हटल्यावर तो लग्नातला सफारी घालून आला. वाटेत पारोळ्यापर्यंत मला सांगत होता की चूक अशी काही झालेली नाही, पट्टी म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. देवपुरात त्याने चपला काढल्या, साहेबांच्या खुर्चीत बसला, बोटं मोडली आणि म्हणाला, "साहेब, बघा, तुमच्यासमोर रोग बरा करतो."

त्याने रेघांचं पान उघडलं. सेव्ह म्हटलं, पट्टी आली, खुंटा भिंतीला नेऊन टेकवला. बंद केलं, पुन्हा उघडलं. रेघा पुसट. पान उभ्याचं आडवं केलं, सेव्ह केलं, पुन्हा उभं केलं, सेव्ह केलं. रेघा गेल्या. पान हिरवं, तुकतुकीत, निरोगी.

मग साहेब म्हणाले, "परत करा बरं."

त्याने परत केलं. साहेबांनी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या साहेबांना बोलावलं, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा झालं. शिपाई दारात येऊन उभा राहिला, त्याच्यासाठी चौथ्यांदा. हरण्याला औषध नाही असं आजवर सगळे सांगत आले, आणि इथे तो खोलीत चार वेळा बरा झाला. माझ्या डोळ्यापुढे कार्यालयाने फेरतपासणीचा आदेश काढल्याचं चित्र होतं. साहेबांच्या डोळ्यापुढे वेगळं होतं. ते आवाज खाली आणून डीटीपीवाल्याला म्हणाले की आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटचे काही फोटो वार्षिक अहवालात जायचे आहेत, त्यातल्या एकदोनांवर असेच थोडे डाग आहेत, ते जमेल का. डीटीपीवाला म्हणाला, "आत्ता करून देतो, साहेब. डोळ्याला फरक कळणार नाही."

मी चटईवर बसकण मारली, कॉम्प्युटर आणि भिंतीतलं बटण यांच्या मधोमध. आमच्या संघटनेत एकच गोष्ट सगळ्यांना नीट येते, ती ही. मी म्हणालो, "साहेब, आधी आबांच्या झाडांचं. तुमचे डाग नंतर."

साहेब रागावले नाहीत. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा फोटो साफ होण्याची त्यांना घाई होती. पहिला कागद रद्द करता येणार नाही, म्हणाले, त्याला जावक क्रमांक पडला आहे. पण फेरपाहणी घालता येईल, प्रत्यक्ष शेतावर. तारीख लिहून दिली. मी बटणासमोरून उठलो. माझ्या पाठीमागे त्यांच्या प्लॉटवरचे डाग बरे व्हायला सुरुवात झाली. पण माझ्या खिशात तारीख होती, आणि एका वेळी एकच निषेध करता येतो.

ती तारीख यायच्या आधी नानांच्या बागेत रेघा दिसल्या. बांधाच्या बाजूची पहिली ओळ, मग आतली. नानांनी वाट पाहिली नाही, कोणाला विचारलं नाही. ज्या सकाळी रेघ दिसली त्याच सकाळी झाडं उपटायला घेतली, खड्डा केला, पुरून माती लोटली. पुढे रेघ दिसेल ते झाड उपटत गेले. जे करायला हवं होतं तेच त्यांनी केलं. एकेक ओळ करत अख्खी बाग उघडी पडली. आबा बांधावर उभे राहून हे पाहत होते, आणि त्या दिवशी 'कागद येऊ दे' हे त्यांना म्हणता आलं नाही.

साहेब ठरल्या दिवशी जीपने आले, पायात बूट घालून. बागेत फार आत जावंच लागलं नाही. पहिल्याच ओळीत थांबले, एक पान उन्हाकडे धरलं, दुसरं धरलं, आणि म्हणाले, "हरण्याच आहे." झालं. एसटीच्या सगळ्या खेपा, डझनभर फ्लॉप्या, एक सफारी आणि एक बैठा सत्याग्रह, आणि पाहायला लागला तो एवढाच वेळ.

आबा म्हणाले, "मंग फोटूत काय पाहत होते, साहेब?"

"फोटोत ते आलंच नव्हतं, आबा."

"फोटूत नव्हतं. वावरात होतं ना."

साहेबांनी खाली पाहून लिहायला घेतलं. ते लिहीत असतानाच मी त्यांना बांधापलीकडे नेलं. नानांच्याही बागेचं नाव घाला, रोग इथूनच तिकडे गेला आहे, म्हटलं. त्यांनी उघडी पडलेली जमीन पाहिली. झाडं कुठे आहेत, विचारलं. नानांनी पायाने माती दाखवली. साहेब म्हणाले, खड्ड्यावरून रोग ठरवता येत नाही, शिवाय यांचा अर्ज नाही, वेगळा अर्ज करावा लागेल, फोटो जोडून.

नाना पहिल्यांदा हसले. "पुरून टाकले न मी बठ्ठे, सगळे झाडं. आता फोटू काय मातीचा काढू?"

मी तिथेच भांडायला उभा राहिलो. आबांनी मला हात धरून बाजूला घेतलं. साहेब गेल्यावर दोघा भावांनी मिळून आबांची सगळी रोगट झाडं संध्याकाळपर्यंत उपटली. मी खड्ड्याची माती ओढत होतो. आमचे पुढारी भाऊ फोटोग्राफर घेऊन आले होते. फावडं कोणाला हवं आहे का विचारल्यावर ते फोटोग्राफरला घेऊन परत गेले.

कागद आला, व्यापाऱ्याने कुरकुर करून बदली रोपं दिली, कांदेबागेला अजून थोडे दिवस होते. रोपं आबांच्या जमिनीपुरती, मोजून, कागदावर होती तेवढीच. ट्रक बांधाजवळ आला. आबा पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, आधी तिकडे लाव, नानाच्या बाजूला, अर्धी तिथे उतरव. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. नाना मध्ये आले.

"कागदावर तुह्यं नाव आहे, भाऊ. माह्यं नाही."

आबांनी ट्रकच्या फळ्या सोडायला हात घातला होता, तो काढला नाही. "रोग माह्या बांधावून आला न तुह्याकडं," ते म्हणाले. "रोपं बी तिकडूनच येतीन."

नानांनी दुसऱ्या बाजूची फळी सोडली. त्या वर्षी दोघांचीही बाग अर्धीच लागली.